घशाच्या गाठी : एका शस्त्रक्रियेचा आणि एका निर्णयाचा इतिहास

घशाच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या दोन्ही अंगांना बदामाएवढ्या ज्या दोन गाठी असतात त्यांना वैद्यकात टॉन्सिल म्हणतात आणि मराठी घरांतूनही आता हेच नाव रुळले आहे. या गाठी लसिका ऊतीच्या, म्हणजे शरीरात शिरू पाहणारे जंतू ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिकार उभा करणाऱ्या पेशींच्या जाळ्याच्या बनलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, श्वासाबरोबर आणि घासाबरोबर आलेले जंतू या खाचांत अडकतात, आणि प्रतिकाराचे काम जिथे चालते तिथेच सूज, पू आणि ताप यांचीही सुरुवात होते. लहानपणी या गाठी मोठ्या असतात आणि वय वाढेल तशा बहुधा आक्रसत जातात. अशा गाठी वर्षातून पाच-सहा वेळा सुजणे, गिळताना वेदना होणे, मुलाची शाळा बुडणे आणि दर वेळी औषधाने तात्पुरते बरे वाटून पुन्हा त्याच चक्रात सापडणे हा अनुभव असंख्य कुटुंबांना आहे, आणि तज्ज्ञाकडे जाताना त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: गाठी काढाव्यात की राहू द्याव्यात? या आजाराचा इतिहास पाहिला तर असे दिसते की गाठ कशी काढावी हे माणसाला फार पूर्वी उमगले होते, परंतु ती कोणाची काढू नये हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले.

भारतीय परंपरेत या विषयाची सर्वांत तपशीलवार नोंद सुश्रुतसंहितेत सापडते. इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत आकाराला आलेल्या या ग्रंथात मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी ९ रोग टाळूचे आणि १७ कंठाचे आहेत. टाळूच्या रोगांत तुंडिकेरी नावाचा एक विकार येतो. त्यात जाड सूज, टोचल्यासारखी वेदना, दाह आणि पू होणे ही लक्षणे सांगितली आहेत. वाग्भटाने पुढे हाच विकार कंठाच्या रोगांत घातला आणि सुजेची तुलना कापसाच्या बोंडाशी केली. आजचे आयुर्वेदाभ्यासक तुंडिकेरीची सांगड टॉन्सिलच्या सुजेशी घालतात. सुश्रुताने कंठरोगांत गिलायु नावाची आणखी एक गाठ वर्णिली आहे: ती आवळ्याच्या बीएवढी, घट्ट आणि फारशी न दुखणारी असते, रोग्याला घशात घास अडकल्यासारखे वाटत राहते, आणि ती शस्त्रानेच बरी होते असा स्पष्ट निर्वाळा ग्रंथकाराने दिला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोगनामांची आजच्या रोगनामांशी एकास एक जोडी लावणे धोक्याचे असते, तरीही प्रत्यक्ष घशात डोकावून पाहिल्याशिवाय इतके नेमके वर्णन लिहिणे अशक्य होते, हे मान्य करावेच लागते.

शस्त्रकर्माचे वर्णन तर अधिकच विचार करायला लावणारे आहे. वाढून लोंबू लागलेल्या पडजिभेला सुश्रुत गलशुंडिका म्हणतो. ती अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून पुढे ओढावी, जिभेवर आली की मंडलाग्र नावाच्या गोलसर टोकाच्या शस्त्राने तिचा केवळ तिसरा हिस्सा छेदावा, असा त्याचा आदेश आहे. जास्त कापले तर रक्तस्राव होऊन रोगी दगावतो आणि कमी कापले तर सूज व लाळ गळणे मागे लागते, हेही तो लगेच बजावतो. त्यानंतर मिरी, अतिविष, पहाडमूळ, वेखंड, कोष्ठ अशा द्रव्यांचे चूर्ण मध आणि मीठ घालून जखमेवर चोळायचे असते. या चोळण्याला प्रतिसारण म्हणतात. तुंडिकेरीच्या बाबतीतही हीच पद्धत, शस्त्रकर्मापुरता फरक करून, वापरावी असे ग्रंथ सांगतो. ज्या काळी भूल नव्हती आणि रक्तवाहिनी बांधण्याची सोय घशासारख्या खोल जागी जवळजवळ नव्हती, त्या काळी किती कापावे याची मर्यादा या वैद्याने इतक्या काटेकोरपणे घालून दिली, यात त्याच्या अनुभवाची आणि रोग्याविषयीच्या काळजीची साक्ष मिळते.

शस्त्रकर्माची ही विद्या पुढील शतकांत वैद्यांच्या हातून बरीचशी निसटली, मात्र चोळण्याची आणि गुळण्यांची बाजू लोकव्यवहारात टिकून राहिली. शास्त्रात तोंडात द्रव इतका भरणे की तो हलवताही येऊ नये याला गंडूष आणि हलवता येईल इतकाच घेणे याला कवल अशी नावे आहेत. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हा त्याच परंपरेचा घरगुती अवशेष मानता येतो. पडजीभ वाढली म्हणजे घरातल्या जाणत्या बाईने बोटाला हळद-मीठ लावून ती दाबणे किंवा उचलणे, ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देणे, हळदीचे दूध पाजणे, हे उपचार महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आले. यांतल्या गुळण्यांनी वेदना सुसह्य होतात हे खरे आहे, आणि घसादुखीचे बहुसंख्य प्रकार विषाणूंमुळे होऊन आठवडाभरात आपोआप ओसरत असल्याने या उपचारांना यशही भरपूर मिळाले. घशात बोट घालण्याची रीत मात्र जखमेला आणि नव्या जंतूंना वाट करून देणारी होती, आणि घटसर्पासारख्या घशात पडदा धरून श्वास कोंडणाऱ्या रोगापुढे तर या साऱ्या उपायांचे काहीच चालत नसे.

युरोपातही आरंभ असाच लवकर झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने वारंवारच्या सुजेने टणक झालेल्या गाठी बोटाने सोडवून काढाव्यात, न निघाल्यास आकडीने धरून सुरीने कापाव्यात असे लिहून ठेवले. सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना आणि इसवी सन १००० च्या सुमारास कॉर्दोबा येथे लिहिणारा शल्यविद अल जहरावी यांनी जीभ दाबून धरण्याच्या साधनासह तीच कृती सुधारून सांगितली. तरीही पुढील कित्येक शतके ती विरळाच राहिली, कारण घसा हा अंधारा, ओला आणि सतत हलणारा अवयव आहे, आणि तिथला रक्तस्राव शल्यविदाला दिसण्याआधीच रोग्याच्या श्वासमार्गात उतरू शकतो.

अंधाराची ही अडचण दूर केली ती एका गायनशिक्षकाने. माद्रिदमध्ये १८०५ साली जन्मलेला मान्युएल गार्सिया हा लंडनमध्ये गाणे शिकवत असे आणि आवाज नेमका कुठून, कसा निघतो हे पाहण्याची त्याला अनेक वर्षांची आस होती. सन १८५४ मध्ये पॅरिसच्या मुक्कामात त्याने लांब दांड्याचा दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरयंत्र चालताना पाहिले. त्याची निरीक्षणे १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचली गेली, परंतु गार्सियाला त्यांत गायनाचे शास्त्र दिसत होते. त्यांचा रोगनिदानासाठी उपयोग व्हिएन्नातील लुडविग ट्युर्क याने १८५७ च्या उन्हाळ्यात सुरू केला. ढगाळ दिवसांत सूर्यप्रकाशावाचून त्याचे काम अडले, तेव्हा योहान चेर्माक याने दिव्याचा प्रकाश अंतर्गोल आरशाने घशात सोडण्याची युक्ती काढली. श्रेयावरून या दोघांत कडाक्याचा वाद झाला, पण त्यातूनच स्वरयंत्रदर्शकाची कीर्ती युरोपभर पसरली. डोक्यावर बांधलेला गोल आरसा ही कान-नाक-घसा तज्ज्ञाची ओळख या घटनांतून तयार झाली. व्हिएन्नात १८७० मध्ये लिओपोल्ड श्र्योटर याच्या हाताखाली केवळ कंठरोगांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, आणि कंठतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरांची पावले त्या शहराकडे वळू लागली.

लंडनमध्ये हे काम मॉरेल मॅकेंझीने पुढे नेले. त्याने १८६३ मध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी एक रुग्णालय स्थापन केले आणि ते पुढे गोल्डन स्क्वेअर येथे नांदले. टॉन्सिल कापण्यासाठी फिलाडेल्फियातील शल्यविद फिलिप सिंग फिझिक याने १८२८ च्या सुमारास एक उपकरण बनवले होते, ज्यात गोल कडीत गाठ अडकवून आतले पाते ढकलले की ती क्षणात छाटली जाई. मॅकेंझीने ते सुटसुटीत केले आणि त्याच्या नावाने ते सर्वदूर वापरात आले. भूल न देता काही सेकंदांत होणारी ही छाटणी बाह्यरुग्ण विभागातही करता येई, पण तिने गाठीचा फक्त पुढे आलेला भाग जात असे आणि मुळाशी उरलेला भाग पुन्हा सुजत असे. नव्या विशेषज्ञतेची मर्यादाही मॅकेंझीच्याच वाट्याला आली. सन १८८७ मध्ये जर्मनीच्या युवराज फ्रेडरिकच्या स्वरयंत्रातील गाठीची तपासणी त्याच्याकडे सोपवली गेली, त्याने काढलेल्या तुकड्यांत विख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिरखो याला कर्करोग आढळला नाही, आणि म्हणून मोठी शस्त्रक्रिया टाळण्यात आली. पुढे तो कर्करोगच निघाला आणि सम्राट होऊन अवघे ९९ दिवस झाले असताना फ्रेडरिक १८८८ च्या जूनमध्ये मरण पावला. थांबण्याचा सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाला त्यानंतर जी निर्भर्त्सना सोसावी लागली ती त्या काळच्या वैद्यकीय जगाने चांगलीच लक्षात ठेवली असणार.

शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेचे उरलेले अडथळेही भराभर दूर झाले. कोकेनने अवयव बधिर करता येतो हे कार्ल कोलर याने १८८४ मध्ये डोळ्यावर दाखवले आणि त्याच वर्षी व्हिएन्नात त्याचा घशासाठी वापर सुरू झाला. ईथर व क्लोरोफॉर्मची भूल सुधारली. गाठ अर्धवट छाटण्याऐवजी तिच्या आवरणासकट सोडवून काढण्याची पद्धत १९१० च्या आगेमागे इंग्लंड-अमेरिकेत स्थिरावली. शस्त्रक्रिया सोपी झाली आणि नेमक्या याच वेळी ती सरसकट करण्याला एक सिद्धांतही मिळाला. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज आणि त्यांचे सहकारी यांनी असे मांडले की दात, टॉन्सिल अशा एखाद्या ठिकाणी दडून बसलेला संसर्ग हा सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग अशा दूरच्या अनेक आजारांचे मूळ असतो. याला केंद्रीय संसर्गाचा सिद्धांत म्हणत. त्यात सत्याचा अंश होता, म्हणूनच तो इतका पटला. पण त्यातून असा अर्थ काढला गेला की टॉन्सिल ही निरुपयोगी आणि संशयास्पद वस्तू असून ती शरीरात ठेवण्यासाठीच कारण शोधावे लागेल. इंग्लंडमध्ये १९०७ च्या कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली होती, अमेरिकेतही तशा तपासण्या रूढ झाल्या, आणि तोंड उघडून दाखवणाऱ्या मुलांच्या रांगेतून शस्त्रक्रियेसाठी नावे निवडणे हा नित्याचा कार्यक्रम झाला.

या प्रथेला सर्वांत मोठा धक्का दिला तो अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने. न्यूयॉर्कच्या शाळांतील १,००० मुलांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले आढळले. उरलेली ३८९ मुले शाळेच्या डॉक्टरांना दाखवली असता त्यांनी १७४ मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. राहिलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांनी ९९ निवडली. जी ११६ मुले दोनदा निरोगी ठरली होती ती तिसऱ्यांदा तपासली गेली, तेव्हा आणखी ५१ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. पाहणी संपली तेव्हा एकदाही शस्त्रक्रिया न सुचवलेली फक्त ६५ मुले उरली होती. प्रत्येक फेरीत निवडीचे प्रमाण जवळजवळ तेच, म्हणजे शेकडा ४५ च्या आसपास राहिले, याचा अर्थ डॉक्टर मुलाच्या घशापेक्षा स्वतःच्या सवयीनुसार निर्णय करत होते. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या साध्या मांडणीतून इतके अस्वस्थ करणारे सत्य क्वचितच बाहेर आले असेल, कारण त्या आकड्यांमागे हजारो मुलांची भूल, रक्तस्राव आणि भीती होती.

इंग्लंडमध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये याच प्रश्नाकडे भौगोलिक अंगाने पाहिले. एका परगण्यात शस्त्रक्रियेचे प्रमाण शेजारच्या परगण्यापेक्षा कित्येक पट जास्त होते आणि हवामान, दाटी, दारिद्र्य यांपैकी कशानेही हा फरक उलगडत नव्हता; उलट सुखवस्तू घरांतील मुलांच्या शस्त्रक्रिया अधिक होत होत्या. लंडनजवळच्या हॉर्नसी येथे शालेय वैद्यकीय अधिकारी बदलल्यावर हे प्रमाण एकदम घसरून दहाव्या हिश्शावर आले, आणि मुलांच्या प्रकृतीवर त्याचा कोणताही वाईट परिणाम दिसला नाही. पुढे १९४० च्या दशकात पोलिओच्या साथीत नुकतेच टॉन्सिल काढलेल्या मुलांना मेंदूच्या बुंध्यावर आघात करणारा घातक पोलिओ होण्याचा धोका वाढतो हे ध्यानात आले आणि साथीच्या मोसमात ही शस्त्रक्रिया थांबवण्यात येऊ लागली. तरीही सवय सहजी सुटली नाही: अमेरिकेत १९५९ मध्ये सुमारे १४ लाख अशा शस्त्रक्रिया झाल्या, आणि हा आकडा १९७९ पर्यंत सुमारे ५ लाखांवर आला.

दरम्यान केंद्रीय संसर्गाच्या सिद्धांतातला सत्याचा अंश कोणता, हे जंतुशास्त्राने नेमके दाखवून दिले होते. रिबेका लान्सफील्ड यांनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस या साखळीसारख्या जंतूंचे गट पाडले, आणि त्यांतील अ गटाच्या जंतूंनी झालेल्या घसादुखीनंतर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिज्वर होतो हे पक्के झाले. संधिज्वर म्हणजे सांधे सुजवणारा आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकणारा ताप. तो जंतूंमुळे थेट होत नसून जंतूंविरुद्ध उभा राहिलेला प्रतिकार स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होतो. वायोमिंगमधील हवाई दलाच्या तळावर चार्ल्स रॅमेलकॅम्प आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ पासून केलेल्या अभ्यासात असे सिद्ध झाले की घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिले तर हा ताप बहुतांशी टळतो. म्हणजे हृदय वाचवण्यासाठी गाठ काढण्याची गरज नव्हती; जंतू मारण्याची होती.

भारताच्या दृष्टीने हा शोध अतिशय मोलाचा होता, कारण दाटीवाटीच्या वस्त्यांत संधिज्वर आणि त्यातून येणारा झडपांचा विकार तरुण वयातच माणसे अंथरुणाला खिळवत होता. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा परदेशी चलनावर अवलंबून असलेले एक औषध देशी झाले. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलांना तो पुन्हा होऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. सरकारी रुग्णालयांच्या रांगांत आईबापांनी दाखवलेल्या या चिकाटीची नोंद वैद्यकाच्या इतिहासग्रंथांत फारशी नाही, आणि ती व्हायला हवी.

तज्ज्ञही याच काळात शहरांबाहेर पोहोचू लागले. कान-नाक-घसा शास्त्राची भारतीय संघटना १९४८ मध्ये स्थापन झाली. मुंबईत १९१२ मध्ये सुरू झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची डी.ओ.आर.एल. ही पदविका किंवा लंडनची डी.एल.ओ. ही पदविका नावापुढे लावलेल्या पाट्या महाराष्ट्राच्या जिल्ह्या-तालुक्यांच्या गावी दिसू लागल्या. टॉन्सिलची शस्त्रक्रिया ही अशा दवाखान्यांतील नेहमीची गोष्ट ठरली, आणि शस्त्रक्रियेनंतर आइस्क्रीम मिळते ही आशा दाखवून मुलांना तयार करण्याची पद्धत अनेक पिढ्यांना आठवते. थंड पदार्थाने घशाची वेदना काहीशी बधिर होते आणि मूल गिळू लागते, एवढे शास्त्र त्यामागे होते.

निर्णयाला निकष मिळाले ते पिट्सबर्गचे बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइज यांच्या अभ्यासांतून. वारंवार घसा येतो असे पालक सांगत होते, पण लेखी नोंद नव्हती, अशा ६५ मुलांवर त्यांनी नियमित लक्ष ठेवले, आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी फक्त ११ मुलांच्या बाबतीत सांगितलेला क्रम पुढेही खरा ठरला. पालक खोटे सांगत नव्हते; आजाराचा भर ओसरण्याच्या बेतात असतानाच सहसा माणूस तज्ज्ञाकडे पोहोचतो, शिवाय साधी सर्दी आणि टॉन्सिलची सूज आठवणीत एकत्र होतात. सन १९८४ च्या पुढील अभ्यासात त्यांनी फक्त तीव्र त्रासाची मुले घेतली: एका वर्षात ७ किंवा अधिक, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ किंवा अधिक, अथवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ किंवा अधिक वेळा घसा आलेला असावा, आणि प्रत्येक वेळी ३८.३ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, मानेतील गाठींची सूज, टॉन्सिलवर पुवाचा थर किंवा अ गटाचे जंतू यांपैकी एक तरी खूण डॉक्टरांनी नोंदलेली असावी. अशा मुलांना शस्त्रक्रियेचा पहिली दोन वर्षे स्पष्ट फायदा झाला. मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या मुलांचाही त्रास पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला, आणि म्हणून निकषात बसणाऱ्या मुलालाही थांबून पाहण्याचा पर्याय खुला ठेवावा असे पॅराडाइज यांचे मत पडले. त्याच गटाने २००२ मध्ये दाखवले की सौम्य त्रासाच्या मुलांना होणारा लाभ शस्त्रक्रियेचा धोका पत्करण्याइतका नसतो.

या आकड्यांमुळे तज्ज्ञाच्या भेटीचे स्वरूप बदलले. आज तो घसा पाहतोच, पण त्याआधी तारखा विचारतो: किती वेळा आला, ताप किती होता, कोणते औषध किती दिवस दिले. पूर्ण न घेतलेले प्रतिजैविक, विषाणूंच्या घसादुखीवर उगाच दिलेल्या गोळ्या आणि तारखा नसलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा यांमुळे आपल्याकडे ही चौकशी अजूनही कठीण जाते. मुलांमध्ये शस्त्रक्रियेचे कारणही सरकले आहे. मोठ्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडणे हे आता संसर्गाइतकेच, अनेक देशांत त्याहून मोठे कारण मानले जाते. प्रौढांविषयी भक्कम पुरावा तर अगदी अलीकडचा आहे: ब्रिटनमधील ४५३ प्रौढांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या काळात घसादुखीचे मध्यक दिवस शस्त्रक्रिया झालेल्यांत २३ आणि थांबून राहिलेल्यांत ३० भरले. मुलांसाठी अनेक देशांतील तज्ज्ञ आजही पिट्सबर्गचे ७, ५ आणि ३ हेच आकडे समोर ठेवून पालकांशी बोलतात.